तीन मिनिटं झाली, वाढवायची का?

मुलाखतीतला पहिलाच प्रश्न होता, "काकू, तुम्हाला फोनवर बोलायची भीती नाही ना वाटत?"

विचारणारी मुलगी २६ वर्षांची, त्या टीमची प्रमुख. ती थट्टा करत नव्हती. आदल्या महिन्यात हेल्पलाइनवर घेतलेल्या सहा जणांपैकी चौघांनी आठ दिवसांत काम सोडलं होतं आणि चौघांचं कारण एकच होतं, फोन वाजला की पोटात गोळा येतो. चॅटवर ही मुलं एका वेळी तिघांशी सहज बोलतात. पण पलीकडे खरोखरचा आवाज आला की त्यांचा घसा कोरडा पडतो.

मी म्हटलं, "अगं, १९८४ साली मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागले. ट्रंक बोर्डावर बसायचे."

शेजारी बसलेला मुलगा लॅपटॉपवरून मान वर करून म्हणाला, "ट्रंक म्हणजे पेटी ना?"

मग ट्रंक कॉल म्हणजे काय ते सांगण्यातच वीस मिनिटं गेली. गावाबाहेर बोलायचं तर आधी नंबर बुक करायचा. ऑर्डिनरी लावला तर दोन-दोन तास वाट बघायची, घाई असेल तर अर्जंट, त्याला दुप्पट पैसे, आणि अगदीच जिवावरचं असेल तर लाइटनिंग, त्याला आठपट. ठरावीक माणसाशीच बोलायचं असेल तर पी.पी. कॉल. तीन मिनिटं झाली की आम्ही मधे यायचो आणि विचारायचो, "तीन मिनिटं झाली, वाढवायची का?" दोघंही डोळे विस्फारून ऐकत होते. मुलगी म्हणाली, "म्हणजे दोन माणसं बोलताना तिसरं माणूस येऊन विचारायचं?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "काकू, तुम्ही सोमवारपासून या."

त्या खुर्चीपर्यंत मी कशी पोचले तेही सांगायला हवं. ३१ जानेवारी २०२० रोजी आमच्या खात्याचे, म्हणजे आताच्या बीएसएनएलचे, देशभरातले ७८ हजारांवर कर्मचारी एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी गेले, त्यांत मी एक. हार झाला, नारळ झाला, फोटो झाला. दोन महिने व्हायच्या आत टाळेबंदी लागली. आमचे हे प्रेसमधून (नाशिकरोडला नुसतं प्रेस म्हटलं की नोटांचा आणि तिकिटांचा छापखाना, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही) आधीच निवृत्त झाले होते. जेल रोडच्या घरात आम्ही दोघं आणि ०२५३ची लँडलाइन. ती मी काढू दिली नव्हती. पण चार-चार दिवस ती वाजायची नाही. रिसीव्हर उचलून डायल टोन येतोय ना, एवढं मी रोज सकाळी बघायचे.

भाचीने २०२४च्या ऑगस्टमध्ये जाहिरात पाठवली. द्राक्ष बागायतदारांसाठी मराठी हेल्पलाइन, छाटणीपासून काढणीपर्यंत सात महिने काम, आवाज स्पष्ट हवा. वयाची अट नव्हती. अर्ज मोबाईलवरच भरायचा होता. अनुभवाच्या रकान्यात शेवटचा पर्याय होता '१० वर्षांहून जास्त'. माझी झाली होती ३६. मी तो पर्याय निवडला आणि खाली 'आणखी काही सांगायचे असल्यास' असं लिहिलं होतं तिथे सगळं नीट मांडलं. बारा वर्षं ट्रंक बोर्ड, मग १९७ची चौकशी, १९८च्या तक्रारी, शेवटी ग्राहक सेवेचा काउंटर. पाठवायच्या आधी ह्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "जा. कुकर मी लावीन."

सोमवारी सकाळी सिटीलिंकची बस धरली. द्वारकेला नेहमीसारखी वाहतूक तुंबलेली होती. सीबीएसला बस बदलली आणि गंगापूर रोडवरच्या त्या दुसऱ्या मजल्यावर वेळेच्या आधी वीस मिनिटं पोचले. दार उघडायला कुणी नव्हतं. बोर्डावरची सवय आहे ती. ड्यूटी बदलताना खुर्ची रिकामी राहता कामा नये, म्हणून आम्ही आधीच येऊन मागे उभ्या राहायचो.

कंपनीचं काम मला मनापासून आवडलं. बागेत वेलींच्या मधे एक खांब रोवतात, त्यावर पेटी असते. ती तापमान मोजते, हवेतला दमटपणा मोजते, पान किती वेळ ओलं राहिलं तेही मोजते. त्यावरून डावणी येण्याचा धोका आहे की भुरीचा (दोन्ही वेलीवरचे बुरशीचे रोग), ते शेतकऱ्याला मोबाईलवर कळतं. धोका नसेल तर फवारणी वाचते. आणि आपल्याकडे ऑक्टोबर छाटणीनंतरच्या दोन महिन्यांत फवारणीचा ब्लोअर किती वेळा फिरतो, ते दिंडोरी-निफाडच्या कुणालाही विचारा. एक फवारणी वाचली तरी औषधाचे आणि डिझेलचे पैसे वाचतात. हेल्पलाइनला फोन यायचे ते ॲप उघडत नाही, ओटीपी येत नाही, पेटीचा दिवा लाल झालाय, असे.

पहिल्या आठवड्यात प्रशिक्षण होतं. मला शिकवायला चांदवडचा २४ वर्षांचा मुलगा होता. त्याने वहीत माझ्यासाठी दहा शब्द लिहून आणले होते, म्हणजे मला सोपं जाईल. पहिला शब्द 'तिकीट'. त्याने समजावून सांगायला सुरुवात केली, "काकू, प्रत्येक फोनचं एक तिकीट तयार होतं. कुणी केला, कधी केला, काय पाहिजे, कुणाकडे दिलं, कधी संपलं." मी त्याचा हातच धरला. आमच्या बोर्डावर प्रत्येक कॉलचं तिकीट असायचं, कागदाचं, वीतभर रुंदीचीही नाही अशी चिठ्ठी. त्यावर हेच सगळं, पेन्सिलने. वेळ घड्याळात बघून लिहायची. शब्दसुद्धा तोच. चाळीस वर्षांनी तो शब्द एका पोराच्या वहीत पुन्हा भेटला आणि माझे डोळे भरून आले. तो बिचारा घाबरला. त्याला वाटलं, शिकवताना त्याचं काही चुकलं.

मराठी टंकलेखन मात्र मला शून्यापासून शिकावं लागलं. 'ज्ञ' कुठे आहे, 'श्र' कसा येतो, 'ऱ्या' कसा काढायचा. द्राक्षाची भाषाही नवी होती, काडी, ओलांडा, पोंगा, विरळणी, मण्यात पाणी उतरणं. ती मला सिन्नरच्या मुलीने शिकवली. ती २२ वर्षांची, वडिलांची दोन एकर बाग. जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या पाठकोऱ्या कागदावर वेल काढायची आणि बोट ठेवून विचारायची, "हे काय?" चुकलं की हसायची, बरोबर आलं की डब्यातला ठेचा माझ्या पोळीवर ठेवायची. शाळा सुटल्यापासून असं सुखाने मी काही शिकले नव्हते.

आता नावांचं सांगते. ट्रंक बोर्डावर आम्ही एकमेकींना नावाने नाही, गावाने ओळखायचो. "हॅलो येवला, नाशिक बोलतेय." पलीकडे कोण बसलंय, दिसते कशी, काही ठाऊक नसायचं, पण आवाजावरून ताप आलाय का, घरी काही झालंय का, सगळं कळायचं. माझ्या लग्नात एक उंच बाई समोर येऊन नुसतं "हॅलो नाशिक" म्हणाली आणि मी मुंडावळ्या सावरत ओरडले, "मालेगाव!" चार वर्षं रोज बोलत होतो, पाहिलं त्या दिवशी पहिल्यांदा.

ही गोष्ट मी ऑफिसात सांगितली आणि दुसऱ्या दिवशीपासून सगळे एकमेकांना गावाने हाका मारू लागले. चांदवड, सिन्नर, येवला. टीम लीड पंचवटीची, तिचं नाव पंचवटी. "पंचवटी, सिन्नरला दे ना ते तिकीट." मला त्यांनी 'नाशिकरोड' ठरवलं होतं, पण मोठ्या माणसाला असं हाक मारणं कुणाच्याच तोंडी बसेना. मग मी काकूच राहिले आणि आमच्या व्हॉट्सॲप गटाचं नाव 'एक्स्चेंज' झालं.

माझा पहिला खरा फोन दिंडोरी तालुक्यातून आला. हेडसेट लावला. पूर्वीच्या मानाने किती हलका! कानावर काही आहे असं वाटतच नाही. मी म्हटलं, "नमस्कार, बोला." पलीकडचे दादा म्हणाले, "ताई, जरा तुमच्याशी बोलायचं होतं."

तुमच्याशी. बारा वर्षं बोर्डावर मी हजारो लाइनी जोडल्या. कुणाचं बाळंतपण, कुणाचा निकाल, कुणाचं मयत. लाइन लागली का, एवढं ऐकायचं आणि बोर्डावरची कळ बंद करायची. त्यापुढचं ऐकायचं नाही, हा नियम आणि तो आम्ही पाळायचो. त्या दोन आवाजांच्या मधे माझ्यासाठी कुणी फोन केलेला नसायचा. आणि साठाव्या वर्षी एक माणूस मला म्हणत होता की त्याला माझ्याशी बोलायचंय. त्याला फक्त पासवर्ड बदलायचा होता. मी बदलून दिला. फोन ठेवला आणि पाणी प्यायला गेले. चांदवड मागोमाग आला, "काकू, काही बोलला का तो तुम्हाला?" मी म्हटलं, "नाही रे. छान बोलला."

महिनाभरात ऑफिसातल्या मुलांना माझा वेगळाच उपयोग सापडला. सुरुवात येवल्याने केली. तिच्या खोलीचं डिपॉझिट जुन्या घरमालकाकडे अडकलं होतं. तिने त्याला अकरा मेसेज पाठवले होते, एकाला उत्तर नाही. ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "काकू, तुम्ही एक फोन लावाल?" मी लावला. मालक म्हणाले, "अहो, मला ते मेसेज बघता येत नाहीत. मुलगी फोन का करत नाही?" संध्याकाळपर्यंत पैसे आले.

झालं! मग गॅसवाल्याला फोन, मेसच्या मावशींना फोन, दाताच्या दवाखान्यात वेळ घ्यायची, शिंप्याकडे ब्लाउजची चौकशी. मी पुन्हा ऑपरेटर झाले. मधल्या सुट्टीत माझ्या टेबलापाशी रांग लागायची. सिन्नर तर एकदा म्हणाली, "काकू, माझ्या आत्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा देता का माझ्या वतीने?" तिथे मात्र मी थांबले.

आत्याला फोन तूच करायचा, म्हटलं. मी शेजारी बसते. ती म्हणाली, "पण शुभेच्छा देऊन झाल्यावर काय बोलू?" हा प्रश्न तिने इतक्या कळवळून विचारला की मला तिची फार माया आली. या पोरांना बोलता येत नाही असं नाही, आपसात ती दिवसभर किलबिलत असतात. फोनवर समोरच्याचा चेहरा दिसत नाही, लिहिलेलं खोडता येत नाही, आणि मधे क्षणभर शांतता पडली की आपलं काहीतरी चुकलं असं त्यांना वाटतं. त्यांच्या हातात फोन आला तोच मुळी लिहिण्यासाठी आणि बघण्यासाठी. आम्हाला शेजारच्या घरी 'तुमचा फोन आलाय' म्हणून बोलावणं यायचं तेव्हा पदर खोचून धावत जायचो, लग्नपत्रिकेवर नंबरापुढे कंसात पी.पी. लिहायचो आणि शेजाऱ्यांच्या पूर्ण घरासमोर बोलायचो. लाजायला वेळच नव्हता.

मी सिन्नरला म्हटलं, "तीन मिनिटं. ट्रंक कॉल समज. तीन मिनिटं कुणालाही बोलता येतं. मी घड्याळ लावते. तीन झाली की बोटं वर करीन. नको असेल तर मान हलव, ठेवून दे. हवं असेल तर वाढव." तिने लावला. पहिलं मिनिट कागदावर लिहिलेलं वाचलं. दुसऱ्या मिनिटाला आत्याच बोलल्या. मी तीन बोटं वर केली तेव्हा ती आत्याच्या म्हशीबद्दल काहीतरी विचारत होती आणि तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सतरा मिनिटं चाललं. तेव्हापासून तीन बोटं ही आमच्या ऑफिसची खूण झाली.

कामात मात्र डिसेंबरात एक अडचण आली. हेल्पलाइनचा प्रत्येक कॉल रेकॉर्ड होतो आणि दर महिन्याला त्यांतले काही तपासून गुण देतात. एक कॉल सरासरी किती वेळ चालला, मधे किती सेकंद शांतता होती, हे सगळं मोजतात. माझे गुण सगळ्यांत कमी आले. कॉल चार मिनिटांत संपावा अशी अपेक्षा, माझी सरासरी त्याच्या दुपटीच्या पुढे, आणि शांततेच्या रकान्यात लाल. पंचवटीने मला आतल्या खोलीत बोलावलं. तीच जास्त अवघडली होती. तिची आई माझ्याहून लहान. ती म्हणाली, "काकू, रागावू नका, पण हे वरून विचारतात." मी म्हटलं, "रागवायचं काय त्यात? आमच्या वेळी सुपरवायझर मागे उभी राहून ऐकायची. तू निदान बसायला खुर्ची दिलीस. लाव तो कॉल, ऐकू दोघी."

तिने सगळ्यांत लांबलेला निवडला. निफाडकडचे एक बाबा, आवाजावरून सत्तरीचे. सकाळी पावणेआठचा फोन. थंडीने कहर केला होता त्या आठवड्यात. निफाडचा पारा घसरला की मणी तडकतात, म्हणून लोक पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवतात आणि विहिरीचं पाणी ठिबकने सोडतात, ते जरा कोमट असतं. बाबांची तक्रार होती की पेटीचा दिवा लाल आहे आणि नेमका थंडीतच आकडा दिसत नाही.

रेकॉर्डिंगमधला माझा आवाज म्हणाला, "बाबा, पेटीपाशी जाऊन बघता का? मी आहे लाइनवर. सावकाश जा."

मग शांतता. पण ती शांतता नव्हती. मी पंचवटीला म्हटलं, आवाज वाढव आणि डोळे मिट. आधी चपलांचा आवाज, कोरड्या मातीवर. मग तोच आवाज मऊ झाला, म्हणजे ते ओल्या वाफ्यात शिरले. कुत्रं भुंकलं, लांब कुठेतरी. पानं खसखसली, मांडवाखाली वाकून जाताना खांद्याला लागतात तशी. बाबा कुणाला तरी म्हणाले, "ती शेकोटी जरा पसरव." मोटार बंद झाली. ती बंद झाल्यावर कळलं की इतका वेळ ती चालू होती. मग बाबांचा दम लागलेला श्वास आणि "आलो बरं का. आहात का?"

"आहे, बोला."

"दिवा लालच आहे."

"वर काळी काच आहे ना, तिच्यावर काही साचलंय का, बघा."

पुन्हा शांतता. कापडाने पुसल्याचा आवाज, चर्र-चर्र. फवारणीचा पांढरा थर आणि त्यावर दव, सौरपत्र्याला ऊनच मिळत नव्हतं. बाबा पुसत राहिले, मधे थुंकी लावून घासलं असावं, कारण स्वतःशीच म्हणाले, "निघतंय, निघतंय." कोवळं ऊन वर आलं होतं. दोन-अडीच मिनिटांनी ते म्हणाले, "हिरवा झाला की ओ!" आणि मग जरा थांबून, "तुम्ही एवढा वेळ फोन धरून बसलात होय?"

पंचवटीने डोळे उघडले. अकरा मिनिटं चाळीस सेकंद. तिने स्क्रीनवर बाबांची आधीची तिकिटं काढली. याच दिव्यासाठी त्यांनी आधी दोनदा फोन केला होता. दोन्ही वेळा चार मिनिटांच्या आत कॉल संपवून 'तंत्रज्ञ पाठवावा' असं लिहिलेलं. एकदा आमचा मुलगा मोटारसायकलवर जाऊन, काच पुसून, परत आला होता. माझ्या कॉलनंतर त्यांचा फोन नव्हता. तिने माझे बाकीचेही कॉल असेच उलगडून पाहिले. बहुतेकांचा त्याच कारणासाठी पुन्हा फोन आलेला नव्हता.

ती काही मोठं बोलली नाही. चार दिवसांनी आमच्या स्क्रीनवर एक नवीन बटण दिसायला लागलं. त्यावर लिहिलं होतं 'बागेत गेले'. शेतकरी बघायला गेला की ते दाबायचं, तेवढी मिनिटं शांततेत धरली जात नाहीत. मला त्या बटणाचा फार अभिमान आहे. चांदवडने पहिल्यांदा ते दाबलं तेव्हा तो खुर्चीत मागे रेलून डोळे मिटून बसला. सिन्नरने विचारलं, झोपलास का? त्याने ओठांवर बोट ठेवलं. "थांब. बाबा आता ओढा ओलांडतायत."

मीही त्यांच्याकडून घेतलं. साध्या पासवर्डच्या कॉलला गप्पा मारत बसायची गरज नाही, मागे तिघं ताटकळत असतात, हे मला येवल्याने पटवलं आणि ते खरंच आहे. जानेवारीत एका दुपारी इंटरनेट बंद पडलं, तर मी कागद-पेन्सिल काढेपर्यंत पोरांनी चार मोबाईलवरून पुन्हा सगळं सुरू केलं होतं आणि माझा लॅपटॉपही जोडून दिला होता. मी बघतच राहिले. बोर्डावर एक लाइन गेली तर आम्ही लाइनमनची वाट पाहत बसायचो.

फेब्रुवारीत मला ६१वं लागलं. सकाळी टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी जड ठेवलेलं. उघडलं तर काळा टेलिफोन! आयटीआयचा, बंगळुरूचा, फिरत्या डायलचा. भद्रकालीकडच्या एका जुन्या सामानाच्या दुकानातून शोधून आणला होता. दोरीचा एक पापुद्रा गेलेला, बाकी ठणठणीत. मी डायलच्या चकतीवरून हात फिरवला. आकड्यांखालची ती पांढरी पट्टी थोडी पिवळी पडली होती.

"काकू, फोन लावून दाखवा ना."

"तूच लाव."

येवल्याने सहाच्या भोकात बोट घालून दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं, जोर लावून. मग सिन्नरने दोन्ही अंगठ्यांनी प्रयत्न केला. चांदवडने चकती अर्धी फिरवली आणि बोट न काढताच हाताने मागे आणली. मी कुणालाच काही सांगितलं नाही, त्यांचं ते शोधणं इतकं गोड होतं. शेवटी पंचवटीने भोकात बोट घालून चकती लोखंडी अडसरापर्यंत ओढली आणि सोडून दिली. कर्र्र्र... चकती आपली आपण परत आली. सगळे एकदम "ओ!" करून ओरडले. नंतर अर्धा तास प्रत्येकाने आपापला मोबाईल नंबर त्यावर फिरवून पाहिला. शून्याला सगळ्यांत जास्त वेळ लागतो, हे कळल्यावर चांदवड म्हणाला, "माझ्या नंबरात चार शून्यं आहेत. मला कुणी फोनच केला नसता."

त्याच चांदवडला मार्चमध्ये एक फोन करायचा होता. काढणी जोरात होती, कॉल कमी झाले होते, हंगाम संपायला महिनाही नव्हता. तीन दिवस तो जेवला नाही धड. चौथ्या दिवशी माझ्या टेबलाशी आला. एक मुलगी आहे, कॉलेजपासूनची. तिचे वडील संगमनेरला शिक्षक. तिने घरी सांगितलंय आणि वडील म्हणालेत, "मुलाला म्हणावं, मला स्वतः फोन कर. मेसेज नको."

"काकू, तुम्ही..."

मी नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

"नाही, मीच करतो," तो म्हणाला. "तुम्ही फक्त वर चला."

साडेचारला आम्ही गच्चीवर गेलो. ऊन अजून होतं, लांब चामरलेण्याचा डोंगर धुरकट दिसत होता. त्याने कागद आणला होता, त्यावर बारा मुद्दे. मी तो घडी करून माझ्या पर्समध्ये ठेवला. पाण्याच्या टाकीच्या सावलीला मी टेकले, मनगटावरचं घड्याळ समोर धरलं. त्याने नंबर लावला. हात थरथरत होता.

"नमस्कार काका. मी..." एवढं बोलून तो थांबला. शांतता पडली. त्याने घाबरून माझ्याकडे पाहिलं. मी ओठांनीच म्हटलं, बागेत गेले. त्याला हसू आलं. आणि बहुधा ते हसू पलीकडेही पोचलं, कारण तिकडून काहीतरी विचारलं गेलं आणि तो म्हणाला, "हो, चांदवडचाच. रेणुकामातेच्या मंदिराच्या अलीकडे घर आहे आमचं."

पहिलं मिनिट झालं. दुसरं. तो गच्चीवर फेऱ्या मारायला लागला होता, मोकळा हात हलवत बोलत होता, वडील काय करतात, बहीण कितवीला आहे, पगार किती, तोही आकडा त्याने सरळ सांगून टाकला. तिसरं मिनिट भरलं तशी मी तीन बोटं वर केली.

त्याने माझ्याकडे पाहिलं. फोन कानाला तसाच ठेवून हात उंच केला आणि बोट हवेत गोल गोल फिरवलं. वाढवा.

लाइन लागली होती. मी उठले, जिन्याचं दार हळूच ओढून घेतलं आणि खाली आले.